सात हजार व्हिडिओ दुसऱ्या क्लाउड सेवेवर हलवायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

रीळवाला

नमस्कार मंडळी,

आमची संस्था भाषा शिकवणारे व्हिडिओ बनवते. नऊ वर्षांत साधारण ७,२०० व्हिडिओ झाले आणि ते सगळे एकाच क्लाउड स्ट्रीमिंग सेवेवर आहेत. एकूण साठा ४० टीबी. आता त्या सेवेने कळवलंय की ती बंद होणार. आमच्याकडे पाच महिने आहेत. नवी सेवा ठरली आहे, करार झाला आहे. काम करणारे आम्ही दोघंच.

वरच्यांची समजूत अशी की इथली फाइल उचलायची आणि तिथे टाकायची. मलाही परवापर्यंत तसंच वाटत होतं. मग काल एका व्हिडिओचा फोल्डर उघडून पाहिला. आत एक मुख्य प्लेलिस्ट (काय कोणत्या क्रमाने चालवायचं ती यादी), पाच दर्जांच्या पाच प्लेलिस्ट आणि सहा-सहा सेकंदांचे शेकडो टीएस तुकडे, म्हणजे व्हिडिओचे छोटे छोटे भाग. मूळ फाइल कुठेच नाही! दुसऱ्या फोल्डरमध्ये मूळ एमपी४ होती. तिसऱ्यात वेगवेगळ्या बिटरेटच्या चार एमपी४ होत्या, पण मूळ कोणती ते कळेना.

एक गोष्ट आधीच सांगतो. यातले ६४ धडे आमच्या एका ज्येष्ठ शिक्षकांचे आहेत. ते आता हयात नाहीत, म्हणजे हे धडे पुन्हा चित्रित होणं नाही. बाकी काही गेलं तर दुःख होईल, पण हे जाऊन चालणार नाही.

ज्यांनी असं स्थलांतर केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

साठवण

रीळवाला, पाच महिने पुरतात, पण पहिले तीन आठवडे एकही फाइल हलवू नका. आधी यादी करा. प्रत्येक व्हिडिओमागे एक ओळ: जुना आयडी, शीर्षक, कालावधी, मूळ फाइल आहे का, नसेल तर सगळ्यात वरचा दर्जा कोणता, उपशीर्षकं कोणत्या भाषांत, कुलूप (एन्क्रिप्शन) आहे का आणि तो व्हिडिओ कुठे कुठे लावलेला आहे. शेवटचा रकाना लोक टाळतात आणि शेवटी त्यातच अडकतात.

मी अझूर (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) मीडिया सर्व्हिसेसच्या स्थलांतरात होतो. मायक्रोसॉफ्टने जून २०२३ मध्ये जाहीर केलं आणि ३० जून २०२४ ला ती सेवा बंद झाली. तिथे फाइली ग्राहकाच्याच स्टोरेज खात्यात असायच्या, म्हणून बरेच जण निर्धास्त होते. ‘फाइली आपल्याकडेच आहेत, मग काय जाणार?’ असं वाटायचं. जाणार होते ते स्ट्रीमिंगचे पत्ते. शिवाय सेवेच्या जुन्या दुसऱ्या आवृत्तीत काही फाइली स्टोरेजमध्ये जाण्याआधीच एईएस-२५६ या कूटपद्धतीने बंद केलेल्या असत आणि त्यांच्या किल्ल्या सेवेकडे असत. सेवा चालू असतानाच ती कुलपं काढून घेणं भाग होतं. फाइल हातात असून काही उपयोग नाही, अशी ती गत.

असं पुढेही होत राहणार. एडब्ल्यूएसने (अमेझॉनचा क्लाउड) इलास्टिक ट्रान्सकोडर आणि मीडियास्टोअर या दोन्ही व्हिडिओ सेवांचा आधार १३ नोव्हेंबर २०२५ ला संपवला. तेव्हा हे काम आयुष्यात एकदाच करायचंय असं समजू नका. यादी नीट केलीत तर पुढच्या वेळी निम्मं काम आधीच झालेलं असेल.

रीळवाला

धन्यवाद साठवण. बारा दिवस लागले, पण यादी झाली. ५,१०० व्हिडिओंची मूळ फाइल आहे. १,२०० ची मूळ फाइल नाही, पण चांगल्या दर्जाच्या एमपी४ आहेत. उरलेल्या ९०० चे फक्त एचएलएसचे (प्लेलिस्ट आणि टीएस तुकडे या पद्धतीचे) तुकडे आहेत. ते ६४ धडे, अपेक्षेप्रमाणे, याच नऊशेत निघाले. त्यातले बरेचसे ४८० ओळींचे आहेत.

आता प्रश्न असा. नव्या सेवेवर चढवलं की ती स्वतःचं एन्कोडिंग करतेच, म्हणजे व्हिडिओ पुन्हा दाबून नव्या दर्जांत बनवते. मग या ९०० व्हिडिओंचं दोनदा एन्कोडिंग झालेलं असेल. दर्जा किती घसरेल?

रात्रपाळी

घसरेल, आणि तुमच्या व्हिडिओंत तो दिसेल. भाषेचे धडे म्हणजे फळ्यावरची आणि स्लाइडवरची अक्षरं. बारीक रेघा सगळ्यात आधी विरघळतात. मी एकदा एका दृश्याची दोनदा एन्कोड केलेली चौकट मोठी करून पाहिली होती. ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांतला फरक पुसट झाला होता. चेहरे ठीक दिसत होते, झाडं ठीक दिसत होती, जोडाक्षर मात्र वाचता येत नव्हतं. व्याकरणाच्या धड्यात हे कसं चालेल?

म्हणून माझं मत असं की तुकड्यांवरून पुन्हा एन्कोडिंग करू नका, फक्त डबा, म्हणजे फाइलचं बाहेरचं स्वरूप, बदला. टीएस तुकड्यांच्या आत बहुतेक वेळा एच.२६४ चित्र आणि एएसी ध्वनी असतो. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या साधनाला प्लेलिस्ट द्या आणि कॉपी मोडमध्ये एमपी४ काढा. एकही पिक्सेल बदलत नाही. एक तासाचा धडा मिनिटभरात होतो, कारण संगणक फक्त बाइट इकडून तिकडे ठेवत असतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. मधल्या पाच-सहा प्लेलिस्टमधली सगळ्यात वरच्या दर्जाची निवडा, मुख्य प्लेलिस्ट देऊन साधन आपोआप निवडेल यावर सोडू नका. आणि प्लेलिस्टमध्ये ‘डिस्कंटिन्युइटी’ची खूण आहे का पाहा. तिथे वेळेची मोजणी तुटलेली असते आणि पुढचा ध्वनी सरकू शकतो.

साठवण

रात्रपाळीशी अर्धा सहमत. डबा बदलून एमपी४ काढा, पण नवी सेवा ती एमपी४ घेऊन पुन्हा एन्कोड करणारच असेल तर दुसरी पिढी टळत नाही. तयार एचएलएस किंवा डॅश (तशीच दुसरी तुकड्यांची पद्धत) तशीच ठेवून द्यायची सोय आहे का, हे त्यांना लेखी विचारा. सगळ्या सेवांत नसते. नसेल तर ते ६४ धडे साध्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर (क्लाउडमधला नुसता फाइलसाठा) ठेवा, पुढे सीडीएन (जागोजागी प्रती ठेवून फाइली पोचवणारं जाळं) लावा आणि स्वतःच्या प्लेअरमधून चालवा. एचएलएसला वेगळा स्ट्रीमिंग सर्व्हर लागत नाही, त्या साध्या एचटीटीपीवरच्या फाइली आहेत.

नवीन पॅकेजिंग करत असाल तर सीमॅफ स्वरूपात करा. ते मानक २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यात त्याच तुकड्यांवर एचएलएसची आणि डॅशची प्लेलिस्ट दोन्ही चालतात. साठा दुप्पट होत नाही.

बाकी ५,१०० ना मूळ फाइल आहे. तिथे बिनधास्त नवीन एन्कोडिंग होऊ द्या.

नवशिका

एक साधा प्रश्न. फाइली खाली उतरवून पुन्हा चढवण्यापेक्षा नव्या सेवेला जुन्या फाइलचा दुवाच दिला तर? आमच्या सेवेत ‘यूआरएलवरून आयात’ असा पर्याय आहे.

रात्रपाळी

नवशिका, पर्याय चांगला आहे आणि वापरावाच. पण आमची एक फजिती ऐका. आम्ही ३,००० फाइलींचे सही केलेले (मुदतीपुरतेच चालणारे) दुवे एकाच वेळी बनवले आणि आयातीच्या रांगेत लावले. पहिल्या दिवशी सगळं हिरवं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर रांगेतली पुढची प्रत्येक फाइल ४०३ (परवानगी नाही) देऊन पडलेली.

एस३ (एडब्ल्यूएसचा फाइलसाठा) च्या सही केलेल्या दुव्याला जास्तीत जास्त ७ दिवसांची मुदत देता येते आणि आम्ही ७ दिवसच दिले होते. पण सही ज्या ओळखपत्राने केली ते तात्पुरतं होतं. तात्पुरत्या ओळखपत्राची मुदत संपली की त्याने केलेले दुवेही मरतात, त्यावर ७ दिवस लिहिलेले असले तरी. हे शोधायला आम्हाला अख्खा दिवस गेला. त्यानंतर आम्ही दुवे आधी बनवणं सोडलं. रांगेतून फाइलची पाळी आली की त्या क्षणी दुवा बनवायचा आणि एका वेळी ठरावीकच फाइली पाठवायच्या.

साठवण

वेळेचा हिशोबही मांडतो. ४० टीबी सलग १ गिगाबिट वेगाने न्यायचं म्हटलं तर सुमारे ८९ तास, म्हणजे पावणेचार दिवस. तो वेग कागदावरचा. प्रत्यक्षात टीएसचे लाखो छोटे तुकडे असतील तर प्रत्येक तुकड्यामागे विनंती-उत्तराचा वेळ जातो आणि वेग खूप पडतो. नऊशे व्हिडिओंचे आधी एमपी४ करा, ते जुन्या सेवेच्याच क्लाउडमधल्या एखाद्या मशीनवर करा आणि मग हलवा. कार्यालयातल्या इंटरनेटवरून ४० टीबी आणू नका.

जुन्या फाइली ‘अर्काइव्ह’ या क्वचित लागणाऱ्या फाइलींच्या स्तरावर पडल्यात का तेही बघून घ्या. एस३ ग्लेशियर डीप अर्काइव्हमधून फाइल जागी व्हायला साध्या पद्धतीने १२ तासांपर्यंत आणि घाऊक पद्धतीने ४८ तासांपर्यंत लागतात. अझूरच्या अर्काइव्हमध्ये १५ तासांपर्यंत. स्क्रिप्टला हे माहीत नसतं, ती नुसती त्रुटी देत बसते.

बाहेर जाणाऱ्या डेटाचं शुल्क हाही मुद्दा आहे. २०२४ च्या सुरुवातीच्या महिन्यांत गूगल क्लाउड, एडब्ल्यूएस आणि अझूर या तिघांनी सेवा सोडून जाणाऱ्यांना हे शुल्क माफ करायची तरतूद केली. पण ती आपोआप लागू होत नाही. डेटा हलवण्याआधी त्यांच्याशी बोलून मान्यता घ्या, नंतर भांडत बसावं लागू नये.

आणि पडताळणी! आकार जुळला म्हणजे फाइल जुळली असं नाही. एस३ वर मोठी फाइल तुकड्यांनी चढवली असेल तर तिचा ईटॅग (साठ्याने फाइलला दिलेली खूण) हा पूर्ण फाइलचा एमडी५ (बाइटवरून काढलेला ठसा) नसतो, तो तुकड्यांच्या एमडी५ चा एमडी५ असतो आणि शेवटी आडवी रेघ देऊन तुकड्यांची संख्या. तो दुसऱ्या सेवेच्या एमडी५ शी जुळवायला गेलात तर चांगली फाइलही खराब दिसेल. हलवण्याआधी स्वतः एसएचए-२५६ हा ठसा काढून त्या यादीत एक रकाना वाढवा.

रीळवाला

हे सगळं करतो आहे. एक विचित्र अडचण आली म्हणून लिहितो.

५,१०० पैकी ५,०६३ फाइली जुळल्या. ३७ फाइली ‘सापडत नाहीत’ म्हणून येतात. पण मला त्या समोर दिसताहेत! उदाहरणार्थ ‘दुसऱ्या_सत्राचा_धडा.एमपी४’. यादीतलं नाव आणि साठ्यातलं नाव शेजारी शेजारी ठेवलं, अक्षर न् अक्षर तेच. कॉपी करून शोधलं तर सापडते, यादीवरून शोधलं तर नाही. दोन दिवस डोकं धरून बसलोय.

उपशीर्षक

रीळवाला, त्या ३७ नावांत ‘ऱ’ आहे का बघा. ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्यावर’, ‘वाऱ्याची’ अशी नावं.

युनिकोडमध्ये ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे सबंध अक्षर, यू+०९३१. दुसरा म्हणजे साधा ‘र’ यू+०९३० आणि त्याला जोडलेला नुक्ता (खालचं टिंब) यू+०९३सी. डोळ्यांना दोन्ही एकच. पण ऑब्जेक्ट स्टोरेजला नाव म्हणजे नुसते बाइट, त्याला ती दोन वेगळी नावं वाटतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल प्रणाली नावं विघटित रूपात ठेवायची. त्या काळात कोणी मॅकवरून फाइली चढवल्या असतील तर नाव फुटून गेलेलं असणार.

उपाय सोपा आहे. तुलना करताना दोन्ही बाजूंची नावं एनएफसी, म्हणजे जोडलेल्या सबंध अक्षरांच्या, रूपात आणा. आणि नव्या जागी फाइलचं नाव मराठीत ठेवूच नका, आयडी ठेवा. मराठी शीर्षक मेटाडेटात असू द्या, तिथे ते सुरक्षित असतं आणि शोधताही येतं.

रीळवाला

३७ च्या ३७! प्रत्येकात ‘ऱ’. उपशीर्षक, तुमचे मनापासून आभार.

उपशीर्षक

आनंद झाला. मग माझ्या विषयाचंही सांगतो, कारण तुकड्यांवरून एमपी४ काढताय म्हणजे हे तुमच्या पुढ्यात येणारच.

एचएलएसमधल्या वेबव्हीटीटी (उपशीर्षकांच्या) फाइलींच्या डोक्यावर ‘एक्स-टाइमस्टॅम्प-मॅप’ अशी एक ओळ असते आणि तिच्यात बऱ्याचदा ९००००० हा आकडा असतो. टीएसचं घड्याळ सेकंदाला ९०,००० ठोके देतं, म्हणजे हे झाले दहा सेकंद. चित्राचं घड्याळ दहा सेकंदांपासून सुरू होतंय, उपशीर्षकाचा शून्य तिथे जोडा, असा त्याचा अर्थ. तुम्ही एमपी४ काढलीत की चित्र शून्यावर येतं. उपशीर्षकं वेगळ्या मार्गाने काढली आणि ती ओळ कोणी चुकीची लावली, तर सगळा धडा दहा सेकंद मागे-पुढे बोलत राहतो. शिवाय उपशीर्षकांचेही तुकडे असतात आणि एकच वाक्य दोन तुकड्यांत पुन्हा आलेलं असतं. जोडताना दुहेरी ओळी काढा.

उपशीर्षकं एसआरटी या दुसऱ्या स्वरूपात असतील तर मिलिसेकंदाआधी स्वल्पविराम असतो, वेबव्हीटीटीत टिंब लागतं. वेबव्हीटीटी यूटीएफ-८ मध्येच हवी. नऊ वर्षांपूर्वीच्या मराठी उपशीर्षकांत एखादी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप केलेली निघाली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. अशा फाइली आधी बदलून घ्या आणि बदलल्यावर माणसाने वाचा. परिवर्तक पहिली वेलांटी आणि रफार हमखास चुकवतात.

कुलूपकिल्ली

कुलूप असलेल्या व्हिडिओंबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते.

डीआरएम (परवाना असेल तरच उघडणारं कुलूप) असेल तर कुलूपबंद फाइली हलवायच्या भानगडीत शक्यतो पडू नका. मूळ उघड्या फाइलपासून नव्या जागी नव्याने कुलूप लावा. जुन्या कुलूपबंद प्रती तशाच न्यायच्या असतील तर प्रत्येक व्हिडिओची किल्ली आणि तिचा केआयडी (किल्लीचा ओळखक्रमांक) दोन्ही हवेत. किल्ल्यांच्या देवाणघेवाणीसाठी सीपिक्स नावाचं स्वरूप आहे, जुन्या पुरवठादाराकडे तशी निर्यात मागा. ॲपलच्या फेअरप्ले डीआरएमला सीबीसीएस पद्धतीचंच कुलूप लागतं. जुन्या सेवेने सीईएनसी पद्धतीने बंद केलेले तुकडे तिथे चालणार नाहीत. विद्यार्थ्यांनी फोनवर उतरवून ठेवलेल्या धड्यांचे परवानेही जुन्या परवाना सर्व्हरशी बांधलेले असतात, मुदत संपल्यावर त्यांचं नूतनीकरण होणार नाही. ते धडे पुन्हा उतरवावे लागतील, हे त्यांना आधी कळवा.

पण रीळवाला, तुमच्याकडे डीआरएम नसावा, त्यापेक्षा साधं एईएस-१२८ असण्याची शक्यता जास्त. त्या ६४ धड्यांची प्लेलिस्ट उघडा आणि ‘एक्स-की’ ची ओळ आहे का ते आजच बघा.

रीळवाला

आहे. ६४ पैकी ४१ मध्ये आहे. किल्लीचा पत्ता जुन्या सेवेच्याच सर्व्हरचा आहे. मी हे पाहिलंच नव्हतं. अंगावर काटा आला.

कुलूपकिल्ली

घाबरू नका, सेवा चालू आहे तोवर किल्ली मिळते. ती फक्त १६ बाइटची फाइल असते. ४१ धड्यांच्या किल्ल्या आज रात्रीच उतरवून घ्या. काही ठिकाणी मधूनच किल्ली बदललेली असते, तेव्हा प्लेलिस्टमधल्या सगळ्या ‘एक्स-की’ ओळी तपासा, फक्त पहिली नको.

आणि प्लेलिस्ट मूळ रूपात जपा. ओळीत आयव्ही (कुलूप उघडताना किल्लीसोबत लागणारा सुरुवातीचा आकडा) दिलेला नसेल तर तुकड्याचा अनुक्रमांक हाच आयव्ही धरतात, एचएलएसचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ८२१६ या दस्तऐवजात तसं लिहिलंय. तो क्रमांक तुकड्याच्या नावात असेलच असं नाही, तो प्लेलिस्टवरून मोजला जातो. कोणी तुकड्यांना नव्याने ००१ पासून नावं देऊन प्लेलिस्ट फेकून दिली तर आयव्ही चुकतो आणि प्रत्येक तुकड्याचे पहिले १६ बाइट खराब निघतात. व्हिडिओ चालतो, पण दर सहा सेकंदांनी सांध्यावर त्रुटी येते आणि कारण सापडत नाही.

रीळवाला

सगळ्या किल्ल्या उतरवल्या, दोन ठिकाणी ठेवल्या. ४१ धडे उघडले. प्रत्येक धडा आम्ही दोघांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहिला. एका धड्यात बत्तिसाव्या मिनिटाला एक तुकडा नव्हता, सहा सेकंद कोरे. खालच्या दर्जाच्या प्लेलिस्टमध्ये तो तुकडा होता. तेवढाच तिथून घेतला. तेवढी सहा सेकंदं चित्र थोडं धूसर दिसतं, पण सरांचं वाक्य पूर्ण होतं.

साठवण

फार चांगलं केलंत. आता पत्त्यांकडे वळा. तुमचे व्हिडिओ कोणत्या पत्त्यावरून चालतात? तुमच्या स्वतःच्या डोमेनवरून की सेवेच्या?

रीळवाला

संकेतस्थळावरचे आमच्या डोमेनवरून, ते डीएनएस (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं ती नोंद) बदलून वळवता येतील. जुन्या-नव्या आयडीचं कोष्टक तयार आहे, त्यावरून पुनर्निर्देशन लावतो आहे. पण छापील पुस्तकांत २१२ क्यूआर कोड आहेत आणि ते थेट सेवेच्या पत्त्यावर जातात.

रात्रपाळी

ते वळवता येणार नाहीत. ते डोमेन तुमचं नाही. सेवा बंद झाली की ते कोड मेले. सेवा चालू असेपर्यंत त्या २१२ व्हिडिओंच्या पहिल्या दहा सेकंदांत नवा पत्ता दिसेल अशी पट्टी टाकता आली तर टाका, आत्ता पुस्तक वापरणाऱ्यांना तरी कळेल. पुढच्या छपाईत कोड तुमच्याच डोमेनचा हवा, त्यामागे कोणतीही सेवा असो.

बाहेरच्या संस्थांनी प्लेअरची चौकट त्यांच्या पानात बसवली असेल तर तिथेही पुनर्निर्देशन पुरत नाही, नव्या प्लेअरचा कोड वेगळा असतो. त्यांना एकेक करून कळवावं लागेल. आणि नव्या जागी सीओआरएसची (दुसऱ्या डोमेनवरच्या पानाला फाइल वाचू देण्याची) परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर फाइल उघडते पण प्लेअर काळा राहतो.

रीळवाला

शेवटची माहिती देतो. परवा पहाटे डीएनएस वळवलं, टीटीएल (जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) आठवडाभर आधीच कमी करून ठेवला होता. ७,२०० पैकी ७,१८१ चालतात. उरलेल्या १९ मध्ये मूळ फाइलच अर्धवट चढवलेली होती, पूर्वीपासून. संबंधित शिक्षकांकडे मागितल्या आहेत, सहा आल्या.

२१२ पुस्तक-कोडांसाठी चिकटवायच्या पट्ट्या छापायला दिल्या.

ते ६४ धडे नव्या सेवेवर दिलेलेच नाहीत. साध्या स्टोरेजवर सीमॅफ करून ठेवले, पुन्हा एन्कोडिंग न करता. मूळ टीएस तुकडे, प्लेलिस्टा, किल्ल्या आणि एसएचए-२५६ ची यादी वेगळ्या क्लाउडवर एक प्रत आणि कपाटातल्या दोन डिस्कवर एकेक प्रत. काल सरांच्या मुलीला दुवा पाठवला. तिने बत्तिसाव्या मिनिटाच्या पुढचा भाग पाहून फोन केला होता.